मळणीचा नंबर उलटा लावला

फळीला रंधा मी मारला, त्यावर सुतळीने शेतांकडे जाणारी पांदण आखली, खिळ्यांनी वावरं दाखवली आणि मळणी यंत्र म्हणून बाभळीची गोटी कोरली. सगळं माझ्या हातचं. शिकवणारा कोणी नाही.

मंडळी, आज या फळीची परीक्षा झाली. सकाळपासून आभाळ भरलेलं, आमच्या रिठदच्या पांदणीत सगळ्यांच्या सोयाबीनच्या गंज्या उघड्यावर आणि मळणी यंत्र एकच!

आपल्याकडे ज्याचा फोन आधी, त्याचा नंबर आधी. त्यामुळे ट्रॅक्टर एकाच पांदणीत दिवसभर येरझारा घालतो. मी गोटी फिरवून दाखवली: आधी थेट टोकाला, नाल्याकाठच्या रफिकभाईंकडे जायचं आणि मळत मळत रस्त्याकडे यायचं.

पहिला नंबर असलेले नामदेवकाका भडकले. "माहा फोन पयला, मी काहून थांबू?"

"काका, तुमचं वावर डांबरी रोडले लागून हाय. पाणी आलं तं ट्रॅक्टर नाल्यापाशी फसते, तुमच्याकडं नाही."

"अन् माही गंजी भिजली तं?"

"तं माही तुमी घ्या."

काका तयार झाले, ट्रॅक्टर नाल्यापासून मळत मळत रस्त्याला आला. काकांचं शेवटचं पोतं बांधून ताडपत्री ओढली आणि पाऊस आला. काका भिजत हसत होते, "तुहं सोयाबीन वाचलं रे लेका!"

तुमच्या गावात नंबर कसा लावता? फळी चौकात टांगली आहे, खुशाल नक्कल करा. केनवडचा एक मशीनवाला ती फक्त स्वतःसाठी मागत होता. नाही म्हटलं. पंचवीस हजार देत होता.