पायाळूची पाठ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात असं मूल म्हणजे फुकटचा दवाखाना. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो सकाळीच आमच्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीला पाय लावायची. बदल्यात गुळाचा खडा मिळे, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती. निम्म्या गावाच्या पाठी माझ्या टाचेखालून गेल्या असतील.

तक्रार होती ती आभाळाची. पायाळूवर वीज पडते, अशीही त्याच गावाची पक्की समजूत. कपाशीच्या निंदणाला मी आईबरोबर जायची. ढग गडगडले की बाया खुरपी लांब फेकून एकमेकींना बिलगून बसत आणि मला वेगळं बसवत. बाकीच्या बायांचं सोडा, आईच म्हणायची, "तू तिकडे बस, बाई. लेकरू हाये माह्याजवळ." तिच्या मांडीवर माझा तान्हा भाऊ असे. लेकरू तर मीही होते, पण हे तेव्हा मला सुचलं नाही.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, पलीकडे मी गुडघे पोटाशी घेऊन बसायची, पाठ ताठ करून. पाठ कडक ठेवली तर वीज आत शिरणार नाही, असा माझा हिशोब. घरी आल्यावर आई माझे केस पुसायची, गरम भाकर द्यायची. तिची माया खोटी नव्हती, म्हणून रागवायचं कुणावर तेच कळायचं नाही.

आता मी दारव्ह्यात शिवणकाम करते. पाठ कित्येक वर्षांपासून दुखते. सगळ्यांनी मशीनला दोष दिला, म्हणून काही महिने मशीन बंद ठेवलं. पाठ दुखायची ती दुखतच राहिली. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिले, मणके ठीक आहेत म्हणाल्या. मला वाटलं, आता ह्यासुद्धा म्हणणार, मनाचे खेळ आहेत. पण त्यांनी विचारलं, जास्त कधी दुखतं? आभाळ भरून आल्यावर, मी म्हटलं आणि धुऱ्याची गोष्ट आपसूक तोंडातून निघाली. त्यांनी शांतपणे समजावलं, की लहानपणी खूप काळ धास्तीत राहिलेलं शरीर कधीकधी मोठेपणीही सावधच राहतं, आणि मग थोड्याशा कारणानेही दुखणं उठतं. सगळ्यांचं तसं होत नाही, तुमचंही कारण तेवढंच असेल असं नाही, पण दुखणं खरं आहे. मला तिथेच रडू आलं. बाई म्हणाल्या, व्यायाम मात्र चुकवायचा नाही.

माझी नातही पोटात पायाळूच होती, म्हणून लेकीचं ऑपरेशन करावं लागलं. लेक कामावर गेली की ती माझ्याकडे असते. आईही आता माझ्याचकडे. नात जन्मल्यापासून मला एकच धास्ती होती, या पोरीला कुणी 'तिकडे बस' म्हणू नये.

परवा दुपारी मी मशीनवर होते. आई आणि नात जवळच खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आभाळ गडगडलं. पोर गुपचूप उठली, लांबच्या कोपऱ्यात गेली आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी विचारलं, काहून गेलीस? ती म्हणाली, "मी पायाळू हाये नं. मोठ्या आजीनं सांगतलं."

म्हणजे मी नसताना हे होऊन गेलं होतं. माझ्या पाठीत कळ आली आणि मला आईचा भयंकर संताप आला. पण ओरडले असते तर पोर आणखी आकसली असती. मी उठले, कोपऱ्यात जाऊन खाली बसले, तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "आई, ती एकटी नाई बसणार. अन् मी बी नाई."

आईने हातातल्या शेंगा टोपल्यात टाकल्या आणि बसल्या बसल्याच सरकत सरकत आमच्यापर्यंत आली. तिचा हात माझ्या पाठीवर आला.

"इथं दुखते का?"

"हो."

तेवढ्यात वीज कडाडली. तिने हात काढला नाही.