रिकाम्या मागावरचा व्यायाम

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी आप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी तेव्हा नववीत होते. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी हातापायाचे व्यायाम दाखवले आणि एक दिवसही चुकवू नका म्हणून बजावलं. आप्पांना त्याचा भारी कंटाळा. चेंडू दाबायला दिला की हा काय पोरखेळ म्हणून तोंड फिरवायचे.

मग मीच शक्कल काढली. आमचा हातमाग घरातच होता. त्यावर सूत नव्हतं. काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, आता पॉवरलूमवर कामाला जात. शाळेतून आले की मी आप्पांना मागावर बसवायची. उजवा पाय मागाखालच्या पावडीवर ठेवून दाबायला लावायची, उजव्या हातात आडवं सूत फिरवायचा धोटा द्यायची. तो पडायचा, मी उचलून पुन्हा द्यायची.

"दिवाळीला तुमीच चादर काढणार की," मी म्हणायची, आणि आप्पा वाकड्या तोंडानं हसायचे. चुलीपाशी आई ऐकत असायची. काका तर येता-जाता माझी पाठ थोपटायचे.

पावसाळा संपेतो पाय पावडीवर ठरू लागला, बोटं धोट्यावर मिटू लागली. आप्पांनी सूत लावायला सांगितलं. काका आज-उद्या करत राहिले.

आणि एका सकाळी दोन माणसं येऊन माग खोलायला लागली. आप्पा दवाखान्यात असतानाच काकांनी तो विकला होता. घेणाऱ्याची शेड बांधून व्हायची होती, म्हणून इतके दिवस आमच्याकडे राहिला एवढंच. आईलाही सगळं ठाऊक होतं. मी तिला जाब विचारला.

"तुला सांगितलं असतं तर तुला खोटं बोलायला जमलं नसतं की," ती म्हणाली. "मग ते उठलेच नसते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या भाबडेपणाचा या दोघांनी औषधासारखा वापर केला होता. आप्पा उठले हे खरंच होतं, म्हणून तर राग धड काढताही येईना, गिळताही येईना.

संध्याकाळी मी आप्पांजवळ गेले. मला काहीच माहीत नव्हतं, असं शपथेवर सांगितलं आणि रोजच्यासारखा त्यांचा हात धरला.

"तू बी त्यांच्यातलीच की," ते म्हणाले.

त्यांनी उजवा हात हिसडा देऊन सोडवून घेतला. एवढा जोर त्या हातात मी पहिल्यांदाच पाहिला.