दुर्बीण उतरवली त्या शनिवारी

मी कधी बंदूक हातात धरेन असं नागपूरला कुणी म्हणालं असतं, तर आमच्या घरात त्याला वेड्यात काढलं असतं. माझा विषय दगडफूल. आपण मसाल्यात घालतो त्याचीच दूरची भावंडं, थंड प्रदेशातल्या दगडांवर पैशाएवढे गोल ठिपके होऊन बसलेली. ती इतकी सावकाश वाढतात, की ठिपका किती रुंद झालाय ते मोजलं तर दगड बर्फाखालून केव्हा उघडा पडला याचा अंदाज बांधता येतो. ग्लासगोला विद्यापीठात मी हेच करत होते. दिवसभर गुडघे टेकून, डोळ्याला भिंग लावून, एका वेळी एक दगड.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उत्तर ध्रुवाकडच्या एका बेटावर चार जणांची तुकडी जायची ठरली आणि त्यात माझं नाव आलं. तिथे पांढरी अस्वलं असतात. तळापासून दूर जाणाऱ्या प्रत्येक जोडीत एकाला रायफल चालवता आलीच पाहिजे, असा नियम होता. माझी जोडीदार माझ्याच वयाची, ॲबर्डीनकडची भूगर्भशास्त्रज्ञ होती. तिचा उजवा खांदा पूर्वी एकदा निखळला होता. तेव्हा रायफल माझ्याकडे आली.

घरी मी हे सांगितलं तेव्हा नवरा हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून येऊन बूट काढत होता. आम्ही एकाच कॉलेजातले, त्यामुळे अरे-तुरेच.

"आपण रोज संध्याकाळी वंदना म्हणतो," मी म्हटलं. "पंचशीलातलं पहिलं शील काय आहे? आणि मी बंदूक शिकायला जाऊ?"

त्याने दुसरा बूट काढला. "तुला अस्वलाला मारायचं नाहीये," तो म्हणाला. "अस्वलाला तुला मारू द्यायचं नाहीये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ग्लासगोतच जन्मलेली. ती खाली बसून चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, बेअर आली तर तू फक्त मोठा आवाज कर. टीचर म्हणतो तसं."

त्यानंतरचे चार शनिवार मी रायफल शिकायला सकाळच्या ट्रेनने उत्तरेला जात राहिले. ट्रेन शहर सोडायची, तळ्याच्या काठाकाठाने वर चढायची, आणि कधी डोळा लागला कधी उघडला ते कळायचंच नाही. एकदा पाहिलं तर खिडकीत पाणी, दुसऱ्यांदा पाहिलं तर धुकं, तिसऱ्यांदा दोन्हींतलं काय ते सांगता येत नसायचं. मे महिना होता. झाडांची पालवी इतकी कोवळी की तिच्यातून उजेड झिरपून डब्यात हिरवा पडायचा.

स्टेशनवर एक सत्तरीचे गृहस्थ जीप घेऊन उभे असत. आयुष्यभर एका मोठ्या जमिनीवर हरणांची राखण आणि शिकार करून निवृत्त झालेले. बोलणं अगदी मोजकं. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणू लागले. त्यांची बायको उंच, पांढऱ्या केसांची, गालावर बारीक लाल शिरा असलेली. पहिल्याच दिवशी तिने माझे हात हातात घेऊन पाहिले आणि स्वतःचे हातमोजे काढून मला दिले.

डोंगराच्या पायथ्याशी मातीचा उंच बांध घातलेली त्यांची चांदमारी, नेमबाजीच्या सरावाची जागा, होती. विरुद्ध बाजूला, ओढ्यापलीकडे त्यांचं घर. मास्तरांनी फळीवर आमच्या तुकडीची रायफल ठेवली. जुन्या लष्करी धाटणीची, जड, दस्त्यावर ओरखडे असलेली. शेजारी काळी, लांबट दुर्बीण ठेवली.

"नेम दोन तऱ्हांनी धरता येतो," ते म्हणाले. "ही वर चढवून. किंवा हिच्याशिवाय, या लोखंडावरून." नळीच्या टोकाला एक बारीक खुंटी होती. आपण तिला माशी म्हणतो. आणि अलीकडे, डोळ्याजवळ, एक खाच. "खाचेत माशी, माशीवर निशाण. दोन्ही करून बघ. काय न्यायचं ते तू ठरव."

लोखंडावरून मला काही जमेना. खाच बघावी तर माशी विरघळायची, माशी बघावी तर कागदावरचं वर्तुळ विरघळायचं. मी चष्मा पुसला, डोळे चोळले. तीन वस्तू, तीन अंतरं आणि डोळा एकच.

मग दुर्बीण चढवली आणि मी आत वाकले.

तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. आजूबाजूचं सगळं गेलं. वारा, ओले बूट, मास्तरांच्या पाइपचा वास, काही उरलं नाही. एका उजळ वर्तुळात कागद नुसता हाताशी येऊन थांबला होता. त्याच्या कडेवर एक कोळी चालत होता. शंभर पावलांवरचा कोळी! मी त्याच्या पायांची उचल बघत राहिले. मी श्वास घेतला की वर्तुळ किंचित वर जायचं, सोडला की खाली, जसं झोपलेल्या कुणाच्या छातीवर डोकं ठेवलंय.

"लॅसी," मास्तर मागून म्हणाले, तिकडे 'पोरी'ला असंच म्हणतात, "आज चाप ओढायचा विचार आहे का?"

मी ओढला. पाचातल्या चार गोळ्या काळ्या वर्तुळात गेल्या. माझं ठरलं. मी भिंगाचीच माणूस आहे, मला दुर्बीणच पाहिजे.

दुसऱ्या शनिवारीही तेच. कागदावर मी मास्तरांच्या बरोबरीला आले. त्यांनी भोकं मोजली आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

तिसऱ्या शनिवारी कागद नव्हता. बांधाजवळ एक लाकडी घसरगाडी होती, तिच्यावर पेंढा भरलेलं मोठं पोतं उभं केलेलं. गाडीला बांधलेला दोर माझ्या बाजूने मागे गेला होता आणि तिथे जीपला अडकवला होता. जीपमध्ये बाई, म्हणजे मास्तरांची बायको, बसल्या होत्या.

"ती जीप पुढे काढेल," मास्तर म्हणाले, "पोतं तुझ्याकडे येईल. अस्वल याहून जोरात येतं. पण आमची जीप म्हातारी आहे."

जीप गुरगुरली. मी दुर्बिणीत वाकले. वर्तुळात तिकडच्या माळावर उगवणारी हेदरची झुडपं होती, जांभळट, ओली, एकेक फांदी सुटी दिसत होती. पोतं नव्हतं. मी नळी डावीकडे नेली. एक दगड, त्यावर केशरी दगडफुलाचा सुरेख ठिपका. उजवीकडे नेली. गवत. मग एकाएकी सगळं वर्तुळ तपकिरी धाग्यांनी भरून गेलं. आडवे धागे, उभे धागे, त्यांत अडकलेली एक काडी. पोत्याची वीण मी इतकी स्पष्ट बघत होते की ते पोतं आहे हेच कळलं नाही. डोकं वर काढलं तेव्हा घसरगाडी माझ्यापासून दहा पावलांवर येऊन थांबली होती.

मी एकही गोळी झाडली नव्हती.

आणखी तीनदा केलं. एकदा नेम लागला. एकदा पावसाची सर आली आणि काचेवर थेंब बसून आतलं जग वितळलं. एकदा माझ्याच श्वासाने काच धुरकटली.

"सराव केला तर जमेल," मी हट्टाने म्हटलं.

"जमेलही. ठरवायचं तुलाच आहे," मास्तर म्हणाले. "पुढच्या शनिवारपर्यंत विचार कर."

आठवडाभर मी विचार केला. पण खरं सांगायचं तर तो विचार नव्हता, ओढ होती. दिवसा विद्यापीठात दगडांवर वाकलेली असताना, घरी वरण फोडणीला टाकताना, ते उजळ वर्तुळ डोळ्यांपुढे यायचं. सगळं जवळ आणणारं, एका वेळी एकच गोष्ट दाखवणारं. दुर्बीण सोडायची म्हणजे पुन्हा त्या धूसर तीन अंतरांत जायचं. ते मला नको होतं.

चौथा शनिवार उन्हाचा निघाला. स्कॉटलंडमध्ये असा दिवस आला की माणसं घाईघाईने धुणं बाहेर काढतात. सकाळची पहिली फेरी झाली. मास्तर घसरगाडीचा सुटलेला दोर बांधायला बांधाकडे गेले. रायफल रिकामी होती. मी स्वतः बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा खटका, मागे ओढून आत बघितलं होतं, मग तो पुढे केला होता. हवेत कोवळ्या गवताचा वास होता. मधमाश्यांचा एकसुरी आवाज येत होता. मी जागी होते का, नक्की सांगता येणार नाही.

मी रायफल उचलली आणि दुर्बिणीतून बघू लागले. आधी डोंगरमाथ्यावर. एक हरिणी रवंथ करत उभी होती, तिचा जबडा गोल गोल फिरत होता. मग ओढा. पाण्यावरचं ऊन. मग ओढ्यापलीकडे एक पांढरी चादर, वाऱ्याने फुगणारी. चादर बाजूला झाली आणि तिच्यामागे बाई होत्या. तोंडात कपड्याचा चिमटा धरलेला. त्यांनी मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. गालावरच्या लाल शिरा मला दिसत होत्या. त्या स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. चिमटा ओठांत असल्यामुळे ओठांची एकच बाजू हलत होती. किती गोड दिसतात या, असं माझ्या मनात आलं.

आणि त्यांच्या गळ्याच्या खळगीवर दुर्बिणीतली नेम धरायची काळी फुली होती.

फुली आधीपासूनच होती. मला ती दिसली नव्हती, एवढंच.

मी रायफल खाली केली.  वळून पाहिलं तर मास्तर दहा पावलांवर उभे होते. ते जवळ आले, माझ्या हातातून रायफल घेतली, बोल्ट काढला आणि खिशात टाकला.

"रिकामी आहे," मी म्हटलं.  "मी बघितलं होतं."

"तुला माहीत आहे रिकामी आहे," ते म्हणाले. "तिला माहीत आहे का?"

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी फळीवर बसून रडले. ते शेजारी बसून पाइप भरू लागले. पाइप पेटवून म्हणाले, "मीही एकदा केलंय. रस्त्यावरचा पोस्टमन होता. तेव्हापासून बघायचं असेल तर मी साधी दुर्बीण घेतो. गळ्यात असते ती. बघायची वस्तू वेगळी, रायफल वेगळी."

दुपारी चहाला त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी बाईंना सांगून टाकलं. न सांगता त्यांच्या हातची केकची फोड मला गिळता आली नसती. त्या किटली हातात धरून ऐकत राहिल्या. मग नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मला तुझा राग यायला हवा," त्या म्हणाल्या. "थोडा येतोय. तो जाईल. तू मात्र विसरू नकोस हं."

चहानंतर मी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. चार स्क्रू होते. दुर्बीण उतरवून मी ती फडक्यात गुंडाळली आणि मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती जीपच्या खणात ठेवली. मला वाटतं, अस्वल समोर आलं तर दोन्हींतलं कोणतं बरं हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला ते अस्वलासाठी ठरवता आलं नाही. मी ते स्वतःसाठी ठरवलं. ज्या नळीच्या टोकाला मरण आहे, तिच्यातून मला सुंदर काही दिसायला नको होतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही लोखंडावरून नेम धरत राहिलो.

"तू तिन्ही गोष्टी बघायला जातेस," मास्तर म्हणाले. "माशी बघ. फक्त माशी. निशाण धूसर राहू दे."

"धूसर राहिलं तर लागणार कसं?"

"दोन्ही डोळे उघडे ठेव आणि भरवसा ठेव."

जीप निघाली. पोतं निघालं. दोन्ही डोळ्यांत सगळा डोंगर होता, ओढा होता, आकाश होतं, आणि मध्ये एक बारीक काळी खुंटी, स्वच्छ. तिच्यामागे तपकिरी डाग मोठा होत येत होता. मी चाप ओढला. पहिली चुकली. पुढच्या दोन पोत्यात गेल्या. पेंढ्याचा भुसा उन्हात उडाला आणि सोनेरी होऊन हळूहळू खाली बसत राहिला.

जुलैमध्ये आम्ही त्या बेटावर होतो. तिथे रात्र नव्हती. अस्वल एकदाच आलं, सतराव्या दिवशी. मी दगडांवर मापं घेत होते. जोडीदारीण म्हणाली, "हलू नकोस," आणि मग, "रायफल घे." धुक्यातून एक पिवळसर आकार येत होता, डोकं खाली घालून, डुलत. मी उठले, दस्ता खांद्याला लावला. तिने इशाऱ्याची फ्लेअर झाडली. लाल उजेड त्या आकाराच्या पुढे पडून फुरफुरला. आकार थांबला. माशी त्याच्या मध्यावर होती आणि माझा अंगठा चाप अडवून धरणाऱ्या सेफ्टी कॅचवर. शेजारी जोडीदारीण भराभर श्वास घेत होती, खालचा समुद्र आवाज करत होता, मला सगळं एकदम ऐकू येत होतं. मी मोठ्याने मराठीत ओरडले, "जा! जा इथून!" त्याने नाक वर केलं, हवेत काहीतरी चाचपलं, आणि कंटाळल्यासारखं वळून धुक्यात निघून गेलं. मी खालीच बसले. आम्ही दोघी हसत सुटलो.

सप्टेंबरमध्ये आम्ही तिघं मास्तरांकडे गेलो. बाईंनी मुलीला ओढ्यावर नेलं. नवऱ्याने सगळी हकिगत जरा तिखटमीठ लावूनच सांगितली. मास्तर ऐकत होते. मला वाटलं, आता विचारतील, मग लोखंड बरं की नाही? त्यांनी पाइप तोंडातून काढला.

"वारा कुठल्या बाजूने होता? तुमचा वास त्याच्याकडे जात होता का?"

मला आठवेना. मी खूप आठवून पाहिलं. धुकं होतं, समुद्राचा आवाज होता, पण वारा कुठून येत होता ते मी बघितलंच नव्हतं. मी तसं सांगितलं.

"हं," मास्तर म्हणाले, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. बाहेर मुलगी बाईंना मराठीत काहीतरी समजावून सांगत होती आणि बाई इंग्रजीत हो-हो म्हणत होत्या.