पंपिंग स्टेशनातली धार

आम्ही बौद्ध. भूतखेत, अंगात येणं आमच्या घरात कधी चाललं नाही. गावात अंगात आणणाऱ्यांना मी तोंडावर खोटं पाडलेलं आहे. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

मी नॉटिंगहॅमला मुलाकडे, राहुलकडे, राहते. मागच्या महिन्यात एका शनिवारी तो आणि सून प्रज्ञा मला शहराबाहेरचं जुनं पंपिंग स्टेशन दाखवायला घेऊन गेले. एवढे लाड का, ते मला ठाऊक होतं. मंगळवारी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट होती. माझं डोकं ठीक नाही असं निघालं की मला केअर होममध्ये टाकायचं, हे दोघांचं ठरलेलं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली लाल विटांची इमारत. उंच चिमणी, चर्चसारख्या रंगीत खिडक्या, आत लोखंडी खांबांवर पितळी मासे, पक्षी. घराएवढं वाफेचं इंजिन जमिनीखालचं पाणी उपसून शहराला पाजायचं... आता बंद.

"नदीच्या घाण पाण्यानं माणसं मरायची, म्हणून बांधलं," राहुल म्हणाला.

"पाण्याला राजवाडा," मी म्हटलं. "आणि आम्हाला विहिरीच्या काठावर पाय ठेवू देत नव्हते."

"आई, इथे तरी नको ते."

तो पुढे गेला. मला तहान लागलेली, बाटली गाडीत. भिंतीत एक दगडी कुंडी होती, वर पितळेची तोटी. मी तोटीला हात लावलाच नाही. लहानपणी विहिरीपासून लांब बसायचो, तशी वाकून ओंजळ धरली. का, ते सांगता येत नाही. आणि पाणी आलं. तोटीतून नाही — वरून. शिवायचं नसलेल्या माणसाला उंचावरून ओतावं, तशी धार. थंडगार. इथेही वरूनच.

मी प्यायले. पदर भिजला. मान उचलली तर प्रज्ञा शेजारी उभी, छताकडे बघत.

राहुल परत आला. "अगं, भिजलीस कशी?"

मी तोंड उघडायच्या आत प्रज्ञा म्हणाली, "आईंनी बाटली सांडली."

तिथल्या माणसाला मी राहुलकरवी विचारलं. तोटीचा पाईप कधीच काढून टाकलाय म्हणे. गाडीत बाटली तशीच होती, झाकणाचं सीलही न तुटलेलं. मी ती राहुलसमोर धरली.

"दुसरी असेल, आई."

मंगळवारी प्रज्ञानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं — अंगावर पाणी सांडतात, नंतर मानत नाहीत. आता रविवारी होम बघायला जायचंय.

पाणी कुठून आलं, मला अजून कळलेलं नाही. छत कोरडं होतं, बाहेर ऊन होतं. पण बाटली मीच सांडली असेल, तर सूनबाई वर काय बघत होती?