सिनेमातली म्हातारी आणि वास्त्यांचा डबा

मला भुताचे सिनेमे आवडतात. रडके कौटुंबिक सिनेमे मी बघत नाही. तेवढं घरात फुकट मिळतं. दुपारी सुनेच्या मोबाइलवर एखादं भूत बघितल्याशिवाय माझं जेवण पचत नाही.

हल्लीच्या सिनेमांत मात्र इतका अंधार असतो, की भूत आलं की गेलं तेच कळत नाही. शिवाय ते यायच्या आधी संगीत वाजतं. आमच्याकडे वाघ येतो, तो काही वाजवत येत नाही. पण माझा खरा राग त्यातल्या म्हातारीवर आहे. भूत तरणं, देखणं, अन्याय सोसलेलं. आणि ते लोकांच्या अंगावर सोडणारी कोण? तर पांढऱ्या केसांची, एकटी राहणारी म्हातारी. लिहिणाऱ्यांना आया नसाव्यात.

यंदा धानाच्या रोवणीच्या तोंडावर असाच एक सिनेमा गावभर मोबाइलवर फिरला. त्यात म्हातारी पोरांना खाऊ देते आणि पोरं तापाने फणफणतात. मला अर्ध्यातच झोप लागली. त्याच आठवड्यात गावातली काही पोरं तापली. पावसात दरवर्षी तापतात. पण त्यातल्या एकाला माझ्या विधवा शेजारणीने मुरमुऱ्याचा लाडू दिला होता, आणि तिचे केस पांढरे. माझेही आहेत, पण मला मुलगा आहे, सून आहे आणि तोंड आहे. तिला यातलं काहीच नाही.

रोवणीच्या दिवसांत दुपारी आम्ही बाया बांधावर बसून एकमेकींचे डबे खातो. त्या दिवशी तिचा डबा कोणी घेतला नाही. आत वास्ते होते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, चण्याची डाळ घालून शिजवलेले. एरवी त्यावरून भांडणं होतात.

"काऊन वो, आज सगळ्याइले उपास हाय का?" मी विचारलं.

"तू खाय ना बुडे," लाडू मिळालेल्या त्या पोराची आई म्हणाली. "आमाले लेकरं हायेत."

शेजारीण खाली मान घालून झाकण लावू लागली. हे असं सुरू होतं आणि कुठे जाऊन संपतं, ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मी डबा ओढला आणि खायला लागले.

"बाई, जास्त होईन वो," ती हळूच म्हणाली.

"चूप राय."

अख्खा डबा संपवला. संध्याकाळी पोट बिघडलं. या वयात डबाभर वास्ते कोणालाही बाधतील, त्यात करणी कसली? पण मी दुसऱ्या दिवशी घरी बसले असते, तर तिचं गावात राहणं संपलं असतं. म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी चिखलात उतरले.

पुढचे काही तास मी कुठल्याच सिनेमात बघितले नाहीत. कंबरेत वाकलेली मी, आणि टक लावून माझ्याकडे बघणाऱ्या बाया. संगीतही होतं, पोटातलं. ते कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठ्याने गाणं म्हणायला लागले.

"बुडे, आज लय खुशीत हायेस?" त्याच आईने विचारलं.

"काल वास्ते खाल्ले ना. अंगात ताकद आली."

दुपारी शेजारणीने डबा उघडला. पुन्हा वास्तेच. कोणी हलेना. मग त्या आईने हात पुढे केला. "दे वो थोडे. पोरगं बी आज उठून खेळून राह्यलं." डबा फिरू लागला, सगळ्यांच्या नजरा त्यावर गेल्या, आणि मी उठून पळसाच्या झुडपांमागे गेले.

वाघासारखी गेले. न वाजवता, असं मात्र म्हणवत नाही.