बाराव्या पट्टीवरचा सूर

गिटारी दुरुस्त करणारा तो माणूस चाळीस वर्षे एकच गोष्ट पोटात ठेवून होता. त्या दुपारी ती बाहेर येण्याची वेळ आली.

टेबलापलीकडे तिघे बसले होते. ब्लूज रॉक आणि लॅटिन रॉकच्या वादकांत कोण कोणाकडून काय शिकले, यावर कार्यक्रम करणारी रेडिओवाली. कोंगा ढोलाच्या ठेक्यावर गिटार वाजवून नाव कमावलेला, सगळे ज्याला 'उस्ताद' म्हणत तो वादक. आणि दुरुस्तीवाल्याची वहिनी. त्याचा दिवंगत दादा ब्लूज रॉक वाजवी. ताणलेला सूर तो अर्ध्यावर सोडून देई. तोच सूर उस्तादच्या प्रत्येक गाण्यात होता.

"तार ताणायला कुणाची परवानगी लागते का?" उस्ताद हसला. "तार काय तुमच्या घरात जन्मली?"

"तार नाही, तो हुंदका आमचा," वहिनी म्हणाली. "आमचं बाळ गेलं तेव्हा सुचला ह्यांना. भावजी, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? बोला ना!"

रेडिओवालीने घड्याळ पाहिले. "पुरावा नसेल तर दादांचं नाव घेता येणार नाही मला. काम आजच संपवायचंय."

पुरावा दुरुस्तीवाल्याकडे होता. पण तो दिला, तर दादाचे नाव राहणार आणि वहिनीचा हुंदका जाणार.

त्याने भिंतीवरची दादाची गिटार काढून उस्तादच्या मांडीवर ठेवली. "दांडीवरच्या बाराव्या पट्टीवर तार दाबा. पूर्ण ताणा."

सूर चढला आणि अर्ध्यावर मेला. उस्तादने पुन्हा ताणली. पुन्हा मेला.

"शिकाऊ होतो मी. ही पट्टी घासताना माझी कानस जास्त चालली, पट्टी झिजली. तार ताणली की पुढच्या पट्टीला टेकते आणि सूर मरतो. दादाला वाटलं, गिटार जुनी झाली. त्यानं अर्ध्यावर सोडायची सवय लावून घेतली." तो उस्तादकडे वळला. "तुमच्या गिटारीत हा दोष नाही, उस्ताद. मग तुम्ही अर्ध्यावर का थांबता?"

उस्तादने तारेवरून बोटे उचलली.

"दर शनिवारी दादांच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायचो," तो म्हणाला. "घाला त्यांचं नाव."

रेडिओवाली लिहू लागली. दुरुस्तीवाल्याची नजर जमिनीवर होती.

"म्हणजे बाळ जायच्या आधीचंच हे?" वहिनीने विचारले.

"वर्षभर आधीचं."

ती उठली. उस्तादच्या मांडीवरची गिटार तिने पुन्हा खुंटीला लावली.

"ती पट्टी मात्र बदलू नका, भावजी."