टोरांटो ते पिंप्राळा

नानांना कुणी किलोमीटर सांगितले की त्यांचं डोकं फिरायचं. "किलोमीटर काय चाटाना शेतस? तास सांग!" तीस वर्षं त्यांनी रावेरची केळी ट्रकने दिल्लीला पोहोचवली. केळी कुणाची वाट बघत नाहीत, म्हणून अंतर मोजायचं ते तासांतच. धुळं म्हणजे पावणेदोन तास, पारोळ्याला चहा घेतला तर दोन. पिंप्राळ्यात आमची आणि त्यांची भिंतीला भिंत. माझी वरात किती वाजता मांडवात शिरेल, हेसुद्धा त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. पाच मिनिटंही चुकले नाहीत, पण फुशारकी वर्षभर मारली.

नानांची एकुलती एक लेक सुनंदा नोकरीसाठी टोरांटोला निघाली, तेव्हा मी फोनवर बघून म्हटलं, "नाना, मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर." ते माझ्यावर खेकसले. मग मी तास सांगितले. विमानाचे सोळा, वाटेत विमान बदलायचे चार, मुंबईहून गाडीने आठ. नानांनी बोटांवर बेरीज केली आणि आत बघून बायकोला, आमच्या अक्कांना, ओरडून सांगितलं, "दिल्लीइतलंच शे वं!" अक्कांचा जीव थोडा भांड्यात पडला.

त्यांचा आणखी एक नियम होता, ट्रकवाल्यांचा. "गाडीवरल्या माणूसले वाईट खबर देवानी नही." त्यांचे वडील वारले तेव्हा ते असेच वाटेत होते. घरी पोहोचेपर्यंत त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्याबद्दल ते जन्मभर घरच्यांचे उपकार मानत. मला हा नियम कधी पटला नाही. तसं मी तोंडावर सांगितलंही होतं.

गेल्या चैत्रात अक्कांना हृदयाचा झटका आला. सुनंदा मिळेल त्या विमानाने निघाली. सकाळी, वाटेत विमान बदलताना तिचा फोन आला. दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून नाना ओरडले, "लवकर ये पोरी, लवकर!" ती दुसऱ्या विमानात बसली आणि तासाभरात अक्का गेल्या.

दहाच्या सुमाराला ती मुंबईत उतरली आणि तिचा फोन आला. नानांनी तो स्पीकरवर घेतला. "आई कशी आहे?" नाना शांतपणे म्हणाले, "तुनी वाट दखी ऱ्हायनी. सावकाश ये, घाई करू नको."

"बरं नाना. आईला सांगा, मी येतेय."

अक्कांना घरी आणून बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं. पहूरहून आलेले अक्कांचे भाऊ, म्हणजे सुनंदाचे मामा, सारखे घड्याळ बघत होते. "दिवस मावळायच्या आत उचलायला हवं. पोरीला खरं सांगा, म्हणजे ड्रायव्हर गाडी दामटेल!"

"एक गई," नाना उसळले. "दुसरी रस्तावर शे."

नाशिकहून सुनंदाचा फोन आला, मग धुळ्याहून. दर वेळी तेच. "आईला सांगा, मी येतेय." आणि नाना खरोखरच आत जाऊन अक्कांच्या कानाशी वाकून सांगून येत. मला ते बघवेना. रडू येत होतं आणि रागही. घरात पाऊल टाकल्यावर ही पोरगी बापाचं तोंड तरी बघेल का?

सव्वासहाला गाडी गल्लीत शिरली. दारातली गर्दी बघून सुनंदा थबकली नाही. सरळ नानांसमोर येऊन उभी राहिली. नानांनी हात जोडले. "पोरी, मी खोटं बोलनू."

"मला मुंबईतच कळलं होतं, नाना. सकाळी ‘लवकर ये’ म्हणालात. तीन तासांत ‘सावकाश ये’ कसं झालं?"

माझ्याच्याने राहवलं नाही. "मग दर फोनवर ‘आईला सांगा’ कशाला म्हणत होतीस?"

"मी फोनवर रडले असते, तर इथे नानांना कुणी सावरलं असतं?"

सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी वावरणारे नाना तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. दिवस मावळतीला आला होता, पण मामांनीसुद्धा कुणाला ‘उचला’ म्हटलं नाही.